ताईसाठी लावलेलं डिफरन्शियल

आमच्या खालच्या गॅरेजमध्ये एकाच गाडीसाठी दोन डिफरन्शियल होती. एक दादाचं, एक ताईचं. दादाचं लाकडी पेटीत, ऑइलच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. ताईचं कुठल्याशा मोडीत निघालेल्या टॅक्सीतून काढलेलं. गाडी तीच, इंजिन तेच, रस्ताही तोच. तरी बहीण चालवणार म्हटल्यावर गाडीची मागची बाजू उघडून आतले दाते बदलले पाहिजेत, असं त्या घरातल्या सगळ्या चांगल्या माणसांना वाटलं. चांगल्या माणसांना, हे मी मुद्दाम लिहिते आहे. वाईट माणसांनी केलं असतं तर मी चिडले असते आणि विसरले असते. हा राग इतकी वर्षं टिकला, कारण तो ज्यांच्यावर आहे त्यांच्या उपकारांत मी अजून आहे.

मी बागलाणातल्या एका गावच्या शाळेत शिकले. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मेकॅनिकलची पदवी घेऊन नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकला आले आणि अंबडला गिअर कापणाऱ्या एका कारखान्यात लागले. राहायला जागा मिळेना. मुलगी, एकटी, त्यात शिफ्टची नोकरी, हे ऐकलं की घरमालकांची दारं अर्धी उघडलेली तशीच मिटायची. आमच्या शाळेतल्या सरांच्या ओळखीने द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजवाल्यांनी मला माडीवरची खोली दिली. मी त्यांना काका म्हणू लागले. पहिल्या दिवशी काका स्वतः मला स्कूटरवरून कारखान्यापर्यंत सोडायला आले आणि गेटवरच्या वॉचमनला म्हणाले, “आमची इंजिनिअर आहे. सेकंड शिफ्टला उशीर झाला तर रिक्षात बसवून द्यायचं, काय?” तोपर्यंत मला ‘आमची इंजिनिअर’ असं कोणी म्हटलं नव्हतं. माझ्या वडिलांना तो शब्द नीट उच्चारताही येत नसे. त्या एका वाक्यासाठी मी काकांचे पाय धरायला तयार होते, आजही आहे.

काकांना दोन मुलं. दादा मोठा. ताई माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. बी.कॉम. करून ती गॅरेजची बिलं बघायची आणि दुरुस्त झालेल्या गाड्यांची ट्रायल घ्यायची. काउंटरवर बसून, मान वर न करता, रस्त्यावरून गेलेली गाडी दुसऱ्यात होती की तिसऱ्यात हे तिला आवाजावरून कळायचं. मी ते शिकले होते, तिच्या कानातच ते होतं. आमची गट्टी जमायला वेळ लागला नाही.

त्या गॅरेजची एक पद्धत होती आणि ती नाशिकभर माहीत होती. कोणी बायकोसाठी किंवा मुलीसाठी गाडी घेतली की आधी काकांकडे आणायचा आणि म्हणायचा, “काका, लेडीज करून द्या.” मग काका क्लच हलका करत, सिग्नलला गाडी बंद पडू नये म्हणून इंजिन उभ्या जागीही जरा जास्तच फिरत ठेवत, सीट पुढे घेत, मोठा हॉर्न बसवत. गिऱ्हाईक खूश. ती बाई खूश होती की नाही हे कोणी विचारत नसे. गाडी न्यायला येताना बहुतेक वेळा ती आलेलीच नसायची.

दादा रॅलीत भाग घ्यायचा. नाशिकच्या पोरांना तेव्हा रॅलीचं वेडच होतं. काकांनी एक जुनी, मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी गाडी त्यासाठी तयार केली होती. त्या वर्षी रॅलीच्या तोंडावर दादा एका डिझेल इंजिनला हँडल मारायला गेला, हँडल उलटं फिरलं आणि मनगट मोडलं. एंट्री भरलेली होती. जेवताना सगळ्यांच्या देखत काका म्हणाले, “गाडी ताई चालवेल. नीट चालवली तर या वर्षीच्या पुढच्या सगळ्या रॅली तिच्या.”

ताईच्या हातातला घास तसाच राहिला. ती म्हणाली, “अण्णा, नक्की?”

“मी कधी शब्द फिरवलाय?”

काकांनी शब्द फिरवला नाही. त्यांनी डिफरन्शियल फिरवलं.

दोन दिवसांनी मी शिफ्टवरून आले तर गाडी जॅकवर. दादाचा गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल खाली काढलेलं, मूळ कंपनीचा गिअरबॉक्स आणि ते टॅक्सीचं डिफरन्शियल वर चढवणं चाललेलं. हातात प्लास्टर घालून दादा खुर्चीवर बसून देखरेख करत होता.

“काका, हे काय?”

“ताईसाठी जरा हलकं करतोय. दादाचा सेट फार जड आहे.”

“पण काका, त्याने गाडी ओढणारच नाही.”

दादा हसला. “आल्या इंजिनिअरबाई. आता फळ्यावर गाडी पळवणार.”

“दादा, तुमच्या क्राउनला दाते किती?”

“एकोणचाळीस. पिनियनला आठ. मला शिकवतेस?”

“आणि हा लावताय तो?”

“एक्केचाळीस-दहा. त्याने टॉप स्पीड वाढतो. उलट फायदाच आहे तिचा.”

“त्या रस्त्यावर टॉप स्पीड कुठे लावायचा? धरणात?”

पोरं हसली. काकाही हसले. मला वाटलं आता ऐकतील. पण हसणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथे कळलं.

ज्यांचा या गोष्टींशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. क्राउन आणि पिनियन ही मागच्या चाकांच्या मधली दातेरी जोडी. दादाच्या जोडीत इंजिनकडून येणारा दांडा जवळजवळ पाच वेळा फिरला की चाक एकदा फिरे. ताईसाठी लावलेल्या जोडीत चार वेळा फिरला की एकदा. म्हणजे दादाच्या जोडीने गाडी सावकाश धावणार पण जोरात ओढणार, ताईच्या जोडीने सपाट रस्त्यावर भरधाव जाणार आणि चढावर धापा टाकणार. शर्यतीचं ते इंजिनही हट्टी होतं. मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांच्या खाली ते झोपलेलं असायचं, वर गेलं की वाघ. त्याला सतत वरच्या फेऱ्यांत ठेवणं एवढाच काय तो गिअर निवडण्याचा सगळा अर्थ. रॅलीचा रस्ता इगतपुरीच्या बाजूला, धरणाच्या कडेने डोंगरात चढत जाणारा, मुरुमाचा. तिथे ताशी शंभरच्या वर जायला सरळ जागाच नव्हती.

दुसरी गोष्ट दुसऱ्या गिअरची. क्राउन-पिनियन बदलला की सगळी शिडी वर-खाली सरकते, पण पायऱ्यांमधलं अंतर तेवढंच राहतं. कंपनीच्या गिअरबॉक्सात पहिल्या आणि दुसऱ्या पायरीत मोठी ढांग होती. पहिला ताणून दुसरा टाकला की इंजिन धाडकन चार हजारांवर यायचं, म्हणजे पुन्हा झोपेत. म्हणून तर दादासाठी कोइंबतूरहून जवळजवळच्या दात्यांचा गिअरबॉक्स आणला होता. तो आता फळीवर चढला.

आणि तिसरी गोष्ट खुद्द डिफरन्शियलची. बैलगाडी वळते तेव्हा आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त. मोटारीत ही मोकळीक डिफरन्शियल देतं. पण सुट्या मुरुमावर ही मोकळीक महागात पडते, कारण सगळी ताकद हलक्या झालेल्या आतल्या चाकाकडे जाते आणि ते नुसतं जागेवर गरगरतं. म्हणून दादाने आपल्या डिफरन्शियलला वेल्ड मारून दोन्ही चाकं एकत्र बांधली होती. त्याने स्टिअरिंग जड होतं, हे खरं. तेवढं एक खरं धरून काका बसले.

“सारखा गिअर बदलायचा, वळणावळणाला स्टिअरिंग ओढायचं. मुलगी आहे ती. खांदे भरून येतील.”

मला या वाक्याचा संताप आला तो तिथेच, आणि घरात गेल्यावर दुप्पट झाला. आत काकू गॅरेजच्या पोरांसकट सगळ्यांच्या भाकऱ्या थापत होत्या. परात भरून पीठ, रोज दोन वेळा. नळाला पाणी नसलं की टाकीवरून हंडे. काकूंचे खांदे भरून येतात म्हणून त्या घरात आजवर कुठली जोडी बदलली होती? बाईच्या खांद्यांची काळजी फक्त जिथे मजा आहे, मान आहे, तिथेच का वाटते? मी हे काकांना बोलले नाही. त्यांच्या घरात, त्यांच्या अन्नावर, मला ते तोंडातून काढता आलं नाही. हिशेब मात्र मी तीनदा मांडून दाखवला. काका म्हणाले, “तुझं बरोबर असेल पोरी, पण ते कागदावर.”

सराव करायला आम्ही दोघीच गेलो. मी शेजारच्या सीटवर. पहिल्याच हेअरपिन वळणावर गाडी आत शिरली छान, ताईने पाय दिला, आणि आतलं चाक मुरूम उधळत राहिलं. गाडी जागची हलेना. ती सुटली तेव्हा दुसरा टाकला, तर इंजिनने मान टाकली. वरच्या टप्प्यावर ताईने गाडी थांबवली.

“ऐकलंस?”

“काय?”

“काहीच नाही ना? तेच म्हणते मी. वळणातून बाहेर पडले की हे इंजिन बोलतच नाही माझ्याशी.”

“तू सांग ना अण्णांना.”

“मी सांगितलं तर दादा म्हणणार, आत्ताच हात दुखायला लागले.” मग गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकत, “सांगते तरी.”

तिने सांगितलं. माझ्यासमोर. “अण्णा, याने जमत नाही. मला गाडी ओढणारी पाहिजे.”

“अगं, पहिली वेळ आहे. आधी पूर्ण तर कर.”

“नुसतं पूर्णच करायचं तर मी एसटीने जाते की!”

काका खो खो हसले. “जीभ बघा हिची! आईवर गेलीय.” आणि विषय त्या हसण्यात वाहून गेला. दादाने एका वाक्यात नाही म्हटलेलं मला चाललं असतं. त्याच्याशी भांडता तरी येतं. लाडाने दिलेल्या नकाराशी कुठे भांडायचं?

रॅली झाली. ताईने एकही चूक केली नाही. प्रत्येक वळणाआधी वेग राखून ठेवायचा, ब्रेक कमीत कमी लावायचा, म्हणजे झोपाळू इंजिनला उठवावं लागू नये, अशी तिने त्या गाडीशी तडजोड करून घेतली होती. तसं चालवणं जोरात चालवण्यापेक्षा अवघड असतं. मी नकाशा वाचत होते आणि तिच्या मनगटाकडे बघत होते. खालून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज वळणानंतर चढत जायचा. आमचा पडत जायचा. शेवटून तिसऱ्या आलो.

बक्षीस समारंभात पाहुणे म्हणाले, “एका महिलेने ही खडतर स्पर्धा पूर्ण केली, जोरदार टाळ्या!” आणि ताईला महिला गटाचा कप दिला. महिला गटात ती एकटीच होती. टाळ्या खरंच जोरदार झाल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. परतताना त्यांनी पेढे घेतले आणि द्वारकेपासून आमच्या गल्लीपर्यंत ओळखीच्या प्रत्येक दुकानात वाटले. ताई गाडीतून उतरली नाही. कप तिच्या पायाशी लोळत होता.

घरी काका म्हणाले, “छान केलंस. वेळ काही फार चांगली नाही आली, पण हरकत नाही. हौस झाली ना? पुढच्या रॅलीपर्यंत दादाचा हात बरा होईल.”

मी बोलले. “काका, ती वेळ ताईची नव्हती. तुम्ही लावलेल्या सेटची होती.”

“ड्रायव्हर हरला की गाडीचं नाव,” दादा म्हणाला. “आम्हीही तेच म्हणायचो.”

“तुम्ही म्हणायचात तेव्हा काका तुमचा गिअरबॉक्स बदलून द्यायचे. कोइंबतूरहून आणून.”

“पोरी, जेव आता,” काका म्हणाले.

मी जेवले. काय करणार? पण तो घास मला आठवतो. आमच्या कारखान्यात एखादं गेज चुकीचं आहे असं कळलं तर त्या गेजने घेतलेली सगळी मापं रद्द करतात. मापलेला जॉब, म्हणजे तो सुटा भाग, फेकून देत नाहीत. इथे गेज यांनीच चुकवलं, हाताने चुकवलं, आणि माप मात्र कायमचं ताईच्या नावावर लागलं. गॅरेजमधली पोरं म्हणू लागली, “ताई लय जिगरवाली, पण वेग नाय.” ज्या पोरांनी तो सेट चढवला तीच. आणि सोमवारी सकाळी त्याच पोरांनी तो उतरवून, पुसून, दादाचा सेट परत बसवला. दादाचा हात अजून गळ्यात होता. गाडी महिनाभर कोणी चालवणार नव्हतं. तरी घाई.

पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाउस असलेले एक गृहस्थ काकांचे गिऱ्हाईक. त्यांच्या शेडमध्ये रॅलीची एक गाडी उभी होती. त्यांचा ड्रायव्हर सोडून गेला होता. ताईने त्यांना काउंटरवरूनच विचारलं, मी चालवू का. ते खुशीने हो म्हणाले, आणि का ते त्यांनी लपवलंही नाही. “बाई चालवतेय म्हटल्यावर पेपरात फोटो येतो ताई. दारावर आमच्या पॅकहाउसचं नाव मोठं टाकू.”

मला ते ऐकून चीड आली. ताई म्हणाली, “फोटो तुमचा. क्राउन-पिनियन मी सांगेन तो.”

“तुम्ही काय ते टाका. मला त्यातलं द्राक्षाएवढंही कळत नाही.”

इतका सरळ व्यवहार मी त्या वर्षात दुसरा पाहिला नाही.

आम्ही दोघी रविवारी पिंपळगावला जायचो. टेम्पोंच्या आणि क्रेटच्या गर्दीतून वाट काढत मागच्या शेडपर्यंत. मला वाटलं होतं ताई दादासारखाच सेट मागेल. क्राउन-पिनियन तिने तोच घेतला, एकोणचाळीस-आठ. त्याहूनही जास्त ओढणारी जोडी आम्ही लावून बघितली होती. त्यात पहिला गिअर वळण संपायच्या आत संपायचा. पण वेल्ड मारलेलं डिफरन्शियल तिने नको म्हटलं. “या गाडीचं नाक जड आहे. मागची चाकं पक्की बांधली तर वळणार नाही, सरळ दरीत जाईल.” तिला आत प्लेटा असलेलं पाहिजे होतं. एका चाकाने उधळायला सुरुवात केली की त्या प्लेटा घट्ट होतात आणि ताकद दुसऱ्या चाकाला देतात, एरवी मोकळीक राहते. जुनं, वापरलेलं, पण ते मिळालं.

“म्हणजे तुला दादाचं नकोच होतं?” मी विचारलं.

“कोणाला पाहिजे होतं दादाचं? मला कोणी विचारलंच नाही काय पाहिजे ते. तूसुद्धा नाही.”

ते मला लागलं. खरं होतं म्हणून लागलं.

त्या गाडीत ती पुढे दोन वर्षं धावली. कधी मधल्या नंबरात, कधी वर, एकदा भातखाचरात उलटली आणि हसत बाहेर आली. पण त्याआधी घरी सांगणं होतं. तिने सांगितलं तेव्हा काका तिला काही बोलले नाहीत. मला जिन्यात गाठून म्हणाले, “तू तिच्या डोक्यात भरवलंस हे.”

“काका, तुम्ही म्हणाल तर मी खोली सोडते. पण मी सांगितलेला हिशेब चूक नव्हता.”

“खोली कोण मागतंय तुझ्याकडे?” ते ओरडले. आयुष्यात माझ्यावर एकदाच. “घरातली गाडी सोडून पोर परक्याच्या गाडीत बसते, आणि ही खोलीचं काढते!”

बरेच दिवस घरात ताटं वाढली जायची आणि उचलली जायची, एवढाच आवाज. मी तेव्हाही चिडलेली होते. दुखावले गेले ते काका, हे सगळ्यांना दिसत होतं. काकू मला म्हणाल्या, “त्यांनी किती केलं गं तिच्यासाठी.” खरंच केलं होतं. तेच तर!

मग एका संध्याकाळी मी कारखान्यातून आले, तर काका जिन्याच्या पायथ्याशी उभे. इकडचं तिकडचं बोलले, शिफ्ट कशी होती वगैरे. मग हळूच, “काय टाकलंय गं तिने मागे?”

मला सगळं माहीत होतं, दात्यांसकट. त्या माणसाला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर नाकारायची माझी पत नव्हती.

“तिला विचारा काका.”

“तुला माहीत नाही?”

“माहीत आहे. पण गाडी ती चालवते.”

काका रागावले असं वाटलं. मग वळले आणि आत काउंटरपाशी गेले. ताई बिलं करत होती.

“कोणता लावलास क्राउन?”

ताईने मान वर केली नाही. “एकोणचाळीस-आठ.”

“वेल्ड?”

“नाही. प्लेटवालं.”

बाहेर पोरं पाने आवरत होती, त्यांनी आवाज बंद केला. “त्याला आपलं साधं ऑइल चालत नाही,” काका म्हणाले. “प्लेटा जळतील.”

“माहीत आहे.”

“आणलंस?”

“नाही अजून.”

तीस वर्षं गाड्यांत हात काळे केलेल्या माणसाने खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढली, दारापर्यंत गेला आणि तिथून मागे वळून मुलीला विचारलं, “कोणतं आणू?”

ताईने पेन खाली ठेवलं आणि सांगितलं.